रिकाम्या स्टुलाचा फोटो

रत्नागिरीत एक फोटोवाले अण्णा होते. राम आळीतून आत वळलं की एका जुन्या चिरेबंदी घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ. मागच्या खोल्यांत अण्णा आणि काकू राहत. मुलगी लग्न होऊन चिपळूणला गेलेली.

मे महिन्यात अण्णा खुशीत असायचे. लग्नं, मुंजी, सुटीला आलेली मुंबईकर कुटुंबं, थिबा राजवाड्यापुढे नाहीतर रत्नदुर्गावर उभं राहून काढून घेतलेले गटफोटो. चार पैसे सुटत आणि कामही मजेचं. जून उजाडला की मात्र त्यांची झोप उडे. पाऊस आणि शाळा एकदमच सुरू होतात आणि शाळेमागोमाग ओळखपत्रं येतात. शहराबाहेरच्या एका शाळेचं हे काम अण्णांकडे बरीच वर्षं होतं. मुलं सहाशेच्या आसपास. फोटो काढायला दोन दिवस पुरत. खरं काम त्यानंतर.

एकेक फोटो संगणकावर उघडायचा. 35 बाय 45 मिलिमीटरच्या चौकटीत कापायचा. पावसाळी उजेडाने चेहऱ्यावर आलेली निळसर झाक काढायची. थोडा उजळ करायचा, जरा धार द्यायची, 300 डीपीआयला बसवायचा, म्हणजे 413 बाय 531 पिक्सेल. मग जतन करून फाइलला नाव द्यायचं: इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक. झाला एक. एका फोटोला तीन मिनिटं धरली तरी सहाशे फोटोंचे तीस तास होतात आणि धंद्यात बसलेल्या माणसाला सलग तीस तास देणार कोण? मध्येच लांज्याहून बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायला आलेला एखादा मुलगा भिजलेली छत्री घेऊन दारात उभा राही. त्याला 200 बाय 230 पिक्सेलचा फोटो हवा, तो 20 ते 50 केबीत बसलेला. सही वेगळी, ती 10 ते 20 केबीत. आणि आज शेवटची तारीख. (ही मापं ठरवणारा माणूस कधी सापडला तर त्याला जूनमधला एक आठवडा स्टुडिओत बसवावा, एवढीच शिक्षा पुरे.)

अण्णांना या कामाचा कंटाळा होता, पण अभिमानही होता. "माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एकही चेहरा या दारातून बाहेर पडत नाही," असं ते आल्यागेल्याला सांगत. अलीकडे उजव्या मनगटात कळ यायची. रात्री तेल चोळताना काकू म्हणायच्या, "देवाने हात दिला तो फोटो काढायला. तुम्ही दिवसभर उंदीर फिरवत बसता."

त्या वर्षी अण्णांचा पुतण्या राजापुराहून गोगटे-जोगळेकर कॉलेजात शिकायला आला आणि काकांकडेच राहिला. पहिल्या रविवारी तो अण्णांच्या पाठीशी उभा राहून अर्धा तास नुसता बघत होता.

"काका, प्रत्येक फोटोला तुम्ही हेच सगळं करता?"

"मग? एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं करून चालेल?"

"तेच म्हणतोय मी. सारखंच करायचं, तर एकदाच करा ना."

अण्णांना वाटलं, पोर थट्टा करतंय. पण पुतण्याने खुर्ची ओढली आणि फोटोशॉपमधली 'ॲक्शन' नावाची चौकट उघडली. त्यातलं गोल बटण दाबलं, ते लाल झालं. मग त्याने एक फोटो घेतला आणि अण्णा करायचे ते सगळं त्याच क्रमाने केलं: कापणं, रंग, उजेड, धार, माप, जतन. शेवटी थांबायचं बटण दाबलं. "मी काय काय केलं ते आता त्याने टिपून घेतलंय," तो म्हणाला. "आता 'बॅच'मध्ये जायचं, कुठला फोल्डर ते दाखवायचं, की तो एकेक फोटो स्वतःच उघडेल, तेवढं सगळं करेल आणि बंद करेल."

आणि खरंच, पडद्यावर फोटो आपोआप उघडू-मिटू लागले. अण्णा उठून उभे राहिले.

"हे नवीन निघालंय का?"

"नाही काका. फोटोशॉपच्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. 1996 सालापासून."

अण्णा काही बोलले नाहीत. संगणक घेऊन त्यांना पंधरा-सोळा वर्षं झाली होती. ते बटण इतकी वर्षं पडद्यावरच होतं. संगणक घेतला तेव्हा कोल्हापूरच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरने त्यांना दोन दिवसांत कामापुरत्या गोष्टी शिकवल्या होत्या आणि त्या पुरल्या होत्या. पोटापुरतं शिकून झालं की बहुतेक कारागीर तिथेच थांबतात. अण्णाही थांबले होते, त्यात त्यांचा वेगळा असा दोष नव्हता.

"चला जेवायला," पुतण्या म्हणाला. "येईपर्यंत होईल सगळं."

मासेमारी बंद असल्याने घरात सुक्या बोंबलाचं कालवण होतं. दोघं पोटभर जेवले. अण्णांनी तर तीस तास वाचल्याच्या आनंदात भात दोनदा मागून घेतला. हात धुऊन परत आले तेव्हा यंत्राचं काम संपलं होतं.

दहावीचे फोटो छान होते. नववीचे बरे. आठवीत एका मुलाचा एकच कान दिसत होता. पाचवीपर्यंत पोचले तेव्हा अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. वर हातभर निळा पडदा आणि खाली नाकापर्यंतचं पोर. हनुवट्या नाहीत, गळे नाहीत, गणवेशाची कॉलर नाही. एकामागून एक, ओळीने, सगळी पाचवी तशीच.

झालं होतं असं, की पुतण्याने टिपून घेण्यासाठी जो फोटो उघडला तो दहावीतल्या एका उंच मुलाचा होता. त्याचं डोकं चौकटीत वर होतं, म्हणून कापही वरच घेतलेला. यंत्राला चेहरा दिसत नव्हता. डावीकडून इतकं, वरून इतकं, एवढंच त्याने टिपलं आणि तेवढंच सहाशे वेळा केलं. खिडकीजवळ बसलेल्या मुलांचे चेहरे आधीच उजळ होते, ते आणखी उजळून पांढरे पडले. ढगाखाली काढलेले काळवंडलेलेच राहिले.

"मूळ फोटो काढ परत," अण्णा म्हणाले.

पुतण्याचा चेहरा उतरला. जतन करण्याची पायरीही त्याने टिपूनच घेतली होती आणि ती मूळ फाइलवरच. पहिल्या दिवसाचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर अजून होते. दुसऱ्या दिवसाचं कार्ड अण्णांनीच शनिवारच्या एका साखरपुड्यासाठी पुसून घेतलं होतं. म्हणजे तीनशे मुलं गेली.

"यंत्राने घोळ केला, काका."

"यंत्राने कसला? एका पोराचं माप घेऊन तू सहाशे पोरांना तोच सदरा शिवलास." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि मी सहाशे पोरं सहाशे तऱ्हांनी बसवली. आजवर खपलं, कारण नंतर हाताने सावरत होतो."

त्या रात्री पाऊस कौलांवर धो धो पडत होता आणि अण्णांना झोप येत नव्हती. त्यांना रोलचे दिवस आठवत होते. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. रोल धुवायला एसटीने कोल्हापूरला जायचा आणि परत येईपर्यंत काय निघालंय ते कळायचं नाही. चुकलेला फोटो म्हणजे गेलेले पैसे आणि शिवाय नामुष्की. म्हणून बटण दाबायच्या आधी सगळं ठरलेलं असे: दिवा कुठे, माणूस कुठे, कॅमेरा किती अंतरावर. ज्यांच्या हाताखाली अण्णा शिकले ते म्हातारे फोटोग्राफर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे व्रण झाकत. पण ते काम इतकं जिवावर येई, की ते करावं लागू नये म्हणून माणूस बसवतानाच ते दहा वेळा मान इकडे-तिकडे करायला लावत. गिऱ्हाईक वैतागे, म्हातारे ऐकत नसत.

मग डिजिटल कॅमेरा आला. फोटो फुकट झाला. हळूहळू अण्णांच्या तोंडी एक वाक्य बसलं: नंतर बघू. पडदा वाकडा आहे, नंतर बघू. पोर चौकटीत खाली गेलंय, नंतर कापू. ढग आलाय, नंतर उजळ करू. प्रत्येक 'नंतर बघू'ची किंमत तीन मिनिटं होती आणि ती मनगटातून वसूल होत होती. यंत्राला हे वाक्य कळत नाही. त्याच्याकडे 'बघू' नसतंच. त्याला काम सारखं हवं असेल तर ते आधी माणसानेच सारखं करून ठेवायला हवं. नंतरचे कष्ट वाचवायचे तर आधीचे कष्ट चुकवून चालत नाही, हे अण्णांना म्हातारबांनी कधी सांगितलं नव्हतं, पण करून दाखवलं होतं.

सकाळी ते शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई भल्या होत्या. फोटो परत काढावे लागतील म्हटल्यावर त्या रागावल्या नाहीत, फक्त "या खेपेस एका दिवसात उरका" एवढंच बोलल्या.

घरी येऊन अण्णांनी सामान काढलं. कॅमेरा आणि तिपाई होतीच. त्याशिवाय दोन स्टुलं, एक उंच एक बुटकं. मोजपट्टी. खडूचा तुकडा. छत्रीचा दिवा. एक कोरा पांढरा कागद. आणि स्वयंपाकघरातले जेवायला बसायचे चार लाकडी पाट.

"पाट कशाला?" काकूंनी विचारलं.

"पाचवीला वर उचलायला."

"पोरं चढणार असतील तर चढोत. पण परत आणा. मागच्या खेपेला नेलेली छत्री अजून आलेली नाही."

शाळेतल्या एका वर्गात अण्णांनी खिडक्या लावून घेतल्या. पुतण्याला नवल वाटलं, उजेड असताना लावायच्या कशाला? अण्णा म्हणाले, "जूनचा उजेड हा उजेड नव्हे. आता आहे, दोन मिनिटांत नाही. आपण आपला दिवा लावू, तो दिवसभर एकच राहील." मग जमिनीवर खडूने तिपाईच्या तीन पायांच्या खुणा केल्या. स्टुलाच्या चार पायांच्या केल्या. दिव्याच्या केल्या. पडदा भिंतीपासून मोजून लांब टांगला, म्हणजे सावली पडू नये. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा येतात, त्या त्यांनी चालू केल्या आणि पुतण्याला सांगितलं, "प्रत्येक पोराचे डोळे या वरच्या रेघेवर यायला हवेत. कॅमेरा हलणार नाही. पोर हलेल."

म्हणून पाट. बुटकं पोर आलं की स्टुलावर दोन पाट, अगदीच चिमुकलं असलं तर तीन. उंच मुलगा आला की पाट खाली आणि बुटकं स्टूल. पुतण्या दिवसभर पाट चढवत-उतरवत होता. दुपारपर्यंत त्याची पाठ भरून आली. पण प्रत्येकाचे डोळे त्याच रेघेवर येत होते.

बसणं सारखं असावं, एवढाच अण्णांचा हट्ट. चेहरा सारखा असावा असं त्यांना मुळीच वाटत नसे. एक मुलगा ओठ घट्ट मिटून बसला, तर अण्णा कॅमेऱ्याआडून म्हणाले, "काय रे मेल्या, घावणे खाऊन आलास की नुसता चहा?" मुलगा हसला. एका मुलीला म्हणाले, "काय गो बाय, गुरुजींनी गृहपाठ बघितला का?" तिने डोळे मोठे केले. बस, झाला फोटो. उरलेलं सगळं ठरलेलं होतं, म्हणून त्यांना एवढ्या बोलण्याला सवड होती. आधीच्या वर्षांत ते एकीकडे पडदा सरळ करत आणि एकीकडे पोराला हसवत. दोन्ही अर्धवट व्हायचं.

सातवीच्या तुकडीत बारा नंबरची मुलगी आलेली नव्हती. पुतण्याने वही काढली. "लिहून ठेवतो, बारा गैरहजर."

"लिहू नको. फोटो काढ."

"कोणाचा?"

"स्टुलाचा."

पुतण्या हसला, पण अण्णा थट्टा करत नव्हते. पोरानेच त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, की फाइलींना नावंही यंत्र देतं: पहिला फोटो एक नंबर, दुसरा दोन, असं हजेरीच्या क्रमाने. अण्णा रात्रभर त्यावरच विचार करत होते. बारा नंबरचा फोटो नसेल तर तेरा नंबरच्या पोराला बाराचं नाव जाईल, चौदाच्याला तेराचं आणि वर्गाच्या शेवटपर्यंत प्रत्येक पोर दुसऱ्याच्या नावाने गळ्यात ओळखपत्र घालून हिंडेल. यंत्राला त्यातलं एकही पोर ओळखीचं नाही. म्हणून गैरहजर पोराच्या जागी रिकाम्या स्टुलाचा फोटो. एखाद्याने डोळे मिटले आणि दुसरा फोटो काढावा लागला, तर मिटलेल्या डोळ्यांचा तिथल्या तिथे पुसायचा. वर्ग संपला की हजेरीपटावरची नावं आणि कॅमेऱ्यातले फोटो मोजायचे, आकडे जुळले तरच पुढचा वर्ग आत घ्यायचा. त्या दिवशी अशी पाच-सहा रिकामी स्टुलं निघाली. पहिल्या दिवसाच्या मुलांचे फोटो कार्डावर शाबूत होते, पण ते असे लागलेले नव्हते. ते अण्णांनी पुढचे तीन-चार दिवस जुन्या पद्धतीने, हाताने केले आणि प्रत्येक फोटोला स्वतःलाच चार शब्द ऐकवले.

नव्या फोटोंच्या वेळी संगणकापुढे बसल्यावर अण्णांनी पुतण्याला घाई करू दिली नाही. आधी सगळे मूळ फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवले. मग नवी ॲक्शन टिपताना जतन करायची पायरी वेगळ्या फोल्डरकडे वळवली, म्हणजे मूळ फाइलला हातच लागणार नाही. रंगासाठी त्या दिवशी पहिल्यांदा काढलेला पांढऱ्या कागदाचा फोटो धरला: कागद पांढरा दिसेपर्यंत रंग सारखा केला आणि तोच फरक सगळ्यांना लावला. दिवा एकच होता, म्हणून ते चाललं. तरीही लगेच तीनशेंवर सोडलं नाही. पाच फोटो निवडले: सर्वांत बुटकं पोर, सर्वांत उंच, सर्वांत गोरं, सर्वांत सावळं आणि चष्मेवाला एक. ते पाच नीट आल्यावर मग बाकीचे.

चहा पिऊन होईस्तोवर तीनशे फोटो तयार होते.

अण्णांनी ते लगेच छापायला टाकले नाहीत. पुतण्याला सांगून सगळे फोटो लहान करून एकेका पानावर तीस-तीस मांडून घेतले. असं मांडलं की वेगळा फोटो शोधावा लागत नाही, तोच डोळ्यात घुसतो. एका चष्म्यात दिव्याचा ठिपका होता. एकीची वेणी बरोबर गालावर आली होती. एकाची कॉलर आत दुमडलेली. तेवढे दहा-बारा अण्णांनी बाजूला काढले आणि हाताने केले, अगदी पूर्वीसारखे, तीन मिनिटांऐवजी दहा मिनिटं देऊन. 'हाताखालून गेल्याशिवाय' हे त्यांचं वाक्य त्यानंतर ते जरा बदलून म्हणू लागले, 'डोळ्याखालून' असं. माझ्या मते ते आता जास्त खरं होतं. पूर्वी त्या तीस तासांत अण्णा चेहऱ्यांकडे कुठे बघत होते? ते चौकटीच्या कडा बघत होते.

इथे गोष्ट संपली असती, पण पुतण्या तरुण होता. एक गोष्ट जमली की ती सगळीकडे लावून बघावी असं त्या वयात वाटतंच. वर्षभरात त्याने बऱ्याच ॲक्शन बनवल्या. 4 बाय 6 इंचाच्या कागदावर आठ पासपोर्ट फोटो मांडणारी एक, ती अण्णांना फार आवडली. बँकेच्या अर्जाचा फोटो आणि सही मापात बसवणारी दुसरी, तिने तर शेवटच्या तारखेला धावत येणाऱ्या कितीतरी पोरांचा जीव भांड्यात पाडला. शिमग्यात पालखीचे फोटोही त्याला यंत्रावर घालायचे होते, पण अण्णांनी साफ नाही म्हटलं. मशालींचा उजेड, गुलाल, उडणारी धूळ, त्यात एक फोटो दुसऱ्यासारखा नसतो.

मग आंबा आला. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर रत्नागिरीच्या नावाने पेटी विकणाऱ्यांना आपला माल खरा आहे हे दाखवण्याची जास्तच निकड वाटू लागली होती. पावसच्या बाजूचे एक बागायतदार आपले आंबे थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना फोनवर फोटो पाठवून विकत. त्यांनी पेट्यांचे फोटो काढायचं काम अण्णांना दिलं. अण्णा एका लग्नाला गेले होते, म्हणून पुतण्यानेच फोटो काढले, रंग आपोआप सुधारणारी पायरी असलेल्या ॲक्शनमधून घातले आणि पाठवून दिले.

दोन दिवसांनी बागायतदार दारात. "अहो अण्णा, पुण्याची बाई विचारते, आंबा अढीतून काढलाय की झाडावरून आजच उतरवलाय? हिरवट दिसतोय म्हणते."

अण्णांनी फोटो बघितले आणि त्यांना हसू आलं. हा रोग त्यांच्या जुन्या ओळखीचा होता. रोल मशीनवर छापले जात त्या काळात लाल शालूतली नवरी छापून यायची ती निळसर-हिरव्या तोंडाने. चित्रातले सगळे रंग एकत्र केले तर करडा रंग निघावा, असं ते मशीन धरून चाले. लाल जास्त झाला की त्याला वाटे, काहीतरी बिघडलंय आणि ते लाल काढायला जाई. लॅबवाल्याने हाताने दुरुस्त केलं तर ठीक. आता पेटी पिवळी, पेंढा पिवळा, आंबा केशरी. यंत्राने पिवळेपणा हाच बिघाड समजून तो काढून टाकला होता.

"याला वाटलं हापूसला कावीळ झालीय," अण्णा म्हणाले. बागायतदारही हसले. पुतण्याने मूळ फोटो काढले, ते या वेळी जपून ठेवलेले होते. आपोआप रंग सुधारणारी पायरी काढून टाकली. पुढच्या खेपेपासून पेटीशेजारी एक पांढरा कागद ठेवून पहिला फोटो काढायचा आणि त्यावरून रंग लावायचा, असं ठरलं.

वाचलेल्या वेळाचं काय झालं, हेही सांगायला हवं, कारण तो सगळा अण्णांच्या वाट्याला आला नाही. पुतण्याने लगेच आणखी दोन शाळांचं काम ठरवून आणलं. अण्णांनी एक घेतलं आणि दुसरं परत पाठवलं. पुतण्या म्हणाला, "काका, यंत्राला काय, आणखी सहाशे." अण्णा म्हणाले, "यंत्राला काही नाही रे. पाट कोण उचलणार?" पण मनगटातली कळ गेली. काकूंना तेल कमी लागू लागलं. आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत दुकान बंद करून दोघं कधीमधी मांडवीला जाऊन बसू लागली, तीही कॅमेरा न घेता.

होता होता ही गोष्ट मारुती मंदिराकडच्या एका स्टुडिओवाल्यांच्या कानावर गेली. तेही शाळांची कामं घेत आणि त्यांचीही जूनमध्ये तीच दशा होई. एके दिवशी ते पेन ड्राइव्ह घेऊन आले. जरा अवघडूनच म्हणाले, "अण्णा, तुमच्याकडे म्हणे अशी एक फाइल आहे, की ती टाकली की सगळं आपोआप होतं."

पुतण्याला ती द्यायची नव्हती. धंद्याची गोष्ट, अशी फुकट कशी द्यायची? अण्णा म्हणाले, "दे रे. एवढीशी फाइल आहे." पुतण्याने दिली. पाहुण्यांनी चहाही घेतला नाही, इतक्या घाईने गेले.

आठ दिवसांनी ते परत आले. चेहरा लाल.

"अण्णा, ही कसली फाइल दिलीत? माझ्या पोरांच्या हनुवट्या कापल्या तिने!"

"बसा आधी," अण्णा म्हणाले. "मूळ फोटो आहेत ना?"

"ते आहेत. वेगळे ठेवले होते."

"मग निम्मं वाचलात. आता सांगा, स्टुलं किती नेली होतीत?"

"स्टुलं? स्टुलं कशाला? शाळेतलं बाक होतं की. पोरं बसत गेली, मी काढत गेलो."

अण्णांनी पुतण्याकडे बघितलं. पुतण्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. काकूंनी आतून चहा पाठवला. या वेळी पाहुण्यांनी तो घेतला आणि अण्णा तासभर त्यांच्याशी बोलत बसले: खिडकीबद्दल, खडूबद्दल, वरच्या रेघेबद्दल, बारा नंबरच्या मुलीबद्दल. पाहुणे आधी ऐकत होते, मग वही मागून लिहून घेऊ लागले. त्यांच्या हातात आणखी एका शाळेचं काम होतं, दुसऱ्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या त्यांच्याबरोबर गेला. संगणक त्याने घरीच ठेवला. मोजपट्टी खिशात घातली, दोन्ही स्टुलं रिक्षात टाकली आणि काकूंना विचारून चारही पाट उचलले.